‘इनॅडिक्वेट’ म्हणजे कशाला अपुरे?

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘इनॅडिक्वेट’ या विशेषणासमोर ‘अपुरा’, ‘अपर्याप्त’, ‘तोकडा’ असे दोन-तीन प्रतिशब्द दिलेले असतात आणि रोजच्या वाचनात त्यांच्यावर बहुतेक वेळा भागूनही जाते. ‘इनॅडिक्वेट लायटिंग’ म्हणजे अपुरा उजेड, ‘इनॅडिक्वेट ट्रेनिंग’ म्हणजे अपुरे प्रशिक्षण, इथपर्यंत कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. अडचण सुरू होते ती ‘इनॅडिक्वेट रिस्पॉन्स’सारख्या प्रयोगापाशी. एखाद्या आपत्तीनंतरच्या चौकशी अहवालात यंत्रणेचा ‘रिस्पॉन्स’ ‘इनॅडिक्वेट’ होता असे म्हटले असेल आणि अनुवादकाने ‘प्रतिसाद अपुरा होता’ असे लिहून टाकले, तर मराठी वाचकाला वाटते की मदतीच्या आवाहनाला फार थोडे लोक धावून आले. मूळ वाक्याचा रोख वेगळाच असतो. माणसे आली असतील, वाहने आली असतील, कागदोपत्री सारे वेळेत झालेही असेल. पण संकट ज्या आकाराचे होते त्या आकाराची ती हालचाल नव्हती, असे त्या विशेषणाला म्हणायचे असते. ‘यंत्रणा कमी पडली’ एवढेच म्हटले तरी ते सगळे मराठीत येते, आणि गंमत म्हणजे त्यात ‘अपुरा’ हा शब्द कुठेच नसतो.

अनुवाद आणि संपादन करणाऱ्या माणसाच्या हाताखालून हे विशेषण सतत जात असते. माझे मत असे झाले आहे की हा शब्द एकट्याने कधीच पूर्ण होत नाही. ‘कशासाठी?’ किंवा ‘कशाच्या मानाने?’ हा प्रश्न त्याला कायमचा चिकटलेला असतो, आणि त्याचे उत्तर वाक्यात असो वा नसो, अनुवादकाला ते शोधावेच लागते.

त्याचे कारण शब्दाच्या घडणीतच आहे. लॅटिनमध्ये ‘आएक्वुस’ म्हणजे सपाट, समान. त्यावरून ‘समान करणे’ या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्याला ‘अ‍ॅड’ हा ‘कडे’, ‘पर्यंत’ अशा अर्थाचा उपसर्ग लागून ‘एखाद्या गोष्टीच्या बरोबरीला आणणे’ असा अर्थ तयार झाला. ‘इक्वल’, ‘इक्वेशन’, ‘इक्वेटर’, ‘इक्विटी’ ही सगळी याच घरातली मंडळी. इंग्रजीत ‘अ‍ॅडिक्वेट’ आणि त्याचे नकारी रूप ही दोन्ही 17व्या शतकात आली, आणि सुरुवातीला ‘अ‍ॅडिक्वेट’चा अर्थ ‘आकाराने बरोबरीचे’ असाच होता. ‘गरजेपुरते’ हा अर्थ त्यातून पुढे निघाला. बरोबरी म्हटली की दोन गोष्टी आल्याच: एक मोजली जाणारी आणि दुसरी जिच्याशी मोजायचे ती. हा जुना हिशेब आजच्या इंग्रजीतही एका ठिकाणी उघड दिसतो. एखाद्याला काम झेपले नाही तर तो त्या कामाला ‘अनइक्वल’ ठरला असे म्हणतात, म्हणजे कामाची उंची आणि माणसाची उंची जुळली नाही.

म्हणूनच या विशेषणामागे येणारी अव्यये महत्त्वाची ठरतात. प्रयोजन सांगायचे असेल तर ‘फॉर’ येते, पेलायचे काम किंवा आव्हान सांगायचे असेल तर बहुधा ‘टु’ येते, आणि कोणत्या बाबतीत उणीव आहे हे सांगायचे असेल तर ‘इन’. ‘इनॅडिक्वेट ऑफ’ असा प्रयोग इंग्रजीत नाही. ‘दॅन’ लावायचे तर आधी ‘मोअर’ किंवा ‘लेस’ लागते, कारण तुलनेचा अर्थ शब्दाच्या पोटात असला तरी तो व्याकरणाच्या दृष्टीने तरतमभाव नाही. एकच दिवा झोपण्याच्या खोलीत डोळ्यांवर येईल इतका प्रखर आणि त्याच खोलीत बारीक टाइप वाचायला ‘इनॅडिक्वेट’ असू शकतो. दिव्यात काही बदललेले नसते, बदललेले असते ते ‘फॉर’नंतरचे नाम. अहवाल लिहिणारे लोक हे नाम पुष्कळदा गाळतात, कारण त्यांच्या वाचकाला ते ठाऊक असते. अनुवाद मात्र दुसऱ्याच वाचकाच्या हातात पडतो, आणि तिथे नुसते ‘अपुरे’ लटकत राहते.

‘इनसफिशियंट’ आणि ‘इनॅडिक्वेट’ यांत फरक काय, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि त्याचे नेहमीचे उत्तर असे की पहिला शब्द संख्येचा आणि दुसरा गुणाचा. ढोबळमानाने ते खरे आहे. खात्यातली शिल्लक कमी असेल तर बँक ‘इनसफिशियंट फंड्स’ असा शेरा मारते, तिथे ‘इनॅडिक्वेट’ कोणी लिहीत नाही, कारण आकडा पुरतो किंवा पुरत नाही एवढाच प्रश्न असतो. उलट एखाद्या घटनेचा खुलासा चार पाने भरून केलेला असला तरी तो ‘इनॅडिक्वेट’ असू शकतो, कारण पाने पुष्कळ आहेत पण विचारलेल्या गोष्टीला उत्तर नाही. अशा खुलाशाला मराठीत ‘अपुरा खुलासा’ म्हटले तर पाचवे पान जोडल्यावर काम होईल असे वाटते; ‘न पटणारा’, ‘समाधान न करणारा’ असे काहीतरी म्हणावे लागते.

पण या दोन शब्दांमधली रेघ सर्वांत ठळकपणे कुठे ओढली गेली असेल तर ती इंग्लंडच्या करारविषयक कायद्यात. कराराला प्रतिफल लागते, म्हणजे एकाने दिलेल्या वचनाच्या बदल्यात दुसऱ्याकडून काहीतरी मिळावे लागते. या प्रतिफलाबाबतचा नियम कायद्याच्या विद्यार्थ्यांना असा पाठ करवला जातो की ते ‘सफिशियंट’ असले पाहिजे, पण ‘अ‍ॅडिक्वेट’ असण्याची गरज नाही. शब्दकोशातले प्रतिशब्द घेऊन हे वाक्य मराठीत आणायला गेलात तर ‘ते पुरेसे असले पाहिजे, पण पुरेसे असण्याची गरज नाही’ असा विनोद तयार होतो. कायद्याला म्हणायचे असते ते असे: बदल्यात जे दिले त्याला कायद्याच्या नजरेत काहीतरी मूल्य असले म्हणजे झाले, ते मूल्य वस्तूच्या तोलामोलाचे आहे की नाही हे न्यायालय पाहत बसणार नाही, कारण सौदा फायद्याचा की तोट्याचा हे ठरवणे ज्याचे त्याच्याकडे. 1842 सालच्या थॉमस विरुद्ध थॉमस या खटल्यात एका विधवेने पतीच्या घरात राहण्याच्या बदल्यात वर्षाला एक पौंड देण्याचे कबूल केले होते आणि न्यायालयाने ते प्रतिफल म्हणून मान्य केले. घराच्या मानाने एक पौंड ‘अ‍ॅडिक्वेट’ नव्हता हे कोणालाही दिसत होते, पण तो प्रश्नच नव्हता.

यापुढचे टोक म्हणजे चॅपेल विरुद्ध नेस्ले हा हाउस ऑफ लॉर्ड्स या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलेला आणि 1960 च्या निकालसंग्रहात छापलेला खटला. चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीने थोडी रोख रक्कम आणि चॉकलेटची तीन वेष्टने पाठवणाऱ्याला ग्रामोफोन रेकॉर्ड देण्याची योजना काढली होती. वेष्टने हाती आल्यावर कंपनी ती फेकून देत असे. तरीही ती वेष्टने प्रतिफलाचा भाग आहेत असे बहुमताने ठरले, आणि न्यायाधीशांपैकी लॉर्ड सॉमरव्हेल यांनी लिहिले की ज्याला वचन दिले गेले त्याला मिरी आवडत नाही व तो तो दाणा फेकून देणार आहे हे सिद्ध झाले म्हणून मिरीचा दाणा चांगले प्रतिफल राहत नाही असे होत नाही. फेकून दिलेले वेष्टन ‘सफिशियंट’ आहे आणि ‘इनॅडिक्वेट’ही आहे, आणि यात कसलाही विरोधाभास नाही. पहिला शब्द ‘आहे की नाही’ हे विचारतो, दुसरा ‘तोडीचे आहे का’ हे विचारतो. मराठीत या जागी ‘प्रतिफल असले पाहिजे, ते तोडीचे असण्याची गरज नाही’ असे म्हटले की गाठ सुटते. कायद्याबाहेरच्या लेखनातही ‘इनॅडिक्वेट’साठी ‘तोडीचे नसलेले’ हा पर्याय हाताशी ठेवावा असे मला वाटते. ‘समस्येच्या तोडीचा उपाय नव्हता’ हे ‘उपाय अपुरा होता’ यापेक्षा पुष्कळदा मूळच्या जवळ जाते.

‘डेफिशियंट’चे प्रकरण सोपे आहे. त्यात जे कमी आहे त्याचे नाव सांगता येते: लोह, जीवनसत्त्व, प्राणवायू. मराठीत त्याला ‘न्यून’ किंवा ‘कमतरता’ चपखल बसते. ‘मीगर’ हा मूळचा ‘कृश’ या अर्थाचा शब्द असून तो आहार, उत्पन्न, पगार अशांना लागतो, आणि ‘तुटपुंजा’ इतका नेमका प्रतिशब्द त्याला आपल्याकडे तयार असताना दुसरा शोधण्याचे कारण नाही.

मराठीकडे उणिवेचे शब्द कमी आहेत अशातला भाग नाही. माहिती त्रोटक असते, ओळख जुजबी असते, उत्पन्न तुटपुंजे असते, ज्ञान तोकडे असते, वेळ अपुरा असतो, प्रयत्न कमी पडतात आणि कृतज्ञता व्यक्त करायला शब्द थिटे पडतात. यांपैकी प्रत्येक ठिकाणी इंग्रजी माणूस निर्धास्तपणे ‘इनॅडिक्वेट’ लिहू शकतो. आपण कशाला काय म्हणतो ते वस्तूवर ठरते, आणि त्यांचे शब्द आपसात बदलले की कानाला लगेच खटकते. ‘थिटे उत्पन्न’ किंवा ‘तुटपुंजे शब्द’ असे कोणी म्हणणार नाही. ‘थिटे’ आणि ‘तोकडे’ हे दोन्ही लांबीचे शब्द आहेत, म्हणजे कुठेतरी पोचायचे होते आणि तिथपर्यंत पोचले नाही ही कल्पना त्यांत आहेच. या अर्थाने ते ‘अपुरा’पेक्षा त्या लॅटिन मुळाचे जवळचे नातेवाईक आहेत.

राहिला ‘अपर्याप्त’. शासकीय आणि शैक्षणिक लेखनात हा शब्द ‘इनॅडिक्वेट’चा अधिकृत प्रतिशब्द असल्यासारखा वापरला जातो, कारण तो तत्सम आहे आणि कोणत्याही नामाला चिकटतो. माझा त्याच्याशी झगडा नाही, पण त्याचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील दहाव्या श्लोकात दुर्योधन द्रोणाचार्यांना सांगतो की भीष्मांनी रक्षिलेले आपले बल ‘अपर्याप्त’ आणि भीमाने रक्षिलेले त्यांचे बल ‘पर्याप्त’ आहे. ‘पर्याप्त’ म्हणजे पुरेसे असे धरले तर दुर्योधन आपल्याच सैन्याला अपुरे म्हणतो आहे, आणि ‘पर्याप्त’ म्हणजे मर्यादित असे धरले तर तो आपले सैन्य अमर्याद असल्याची फुशारकी मारतो आहे. टीकाकारांमध्ये यावर दोन तट पडलेले आहेत. टिळकांनी गीतारहस्यात ‘अमर्याद’ हा अर्थ घेतला. एकाच शब्दातून ‘कमी’ आणि ‘मोजता येणार नाही इतके’ असे परस्परविरुद्ध अर्थ निघावेत याचे कारण पुन्हा तेच आहे: ‘पर्याप्त’च्या मुळाशी चारी बाजूंनी पोचण्याची क्रिया आहे, पण कोण कुठे पोचले नाही हे शब्द स्वतः सांगत नाही.

आता ‘अ‍ॅडिक्वेट’कडे पाहिले पाहिजे, कारण नकारी रूपाचे वजन होकारी रूपावर ठरते. तत्त्वतः ‘अ‍ॅडिक्वेट’ म्हणजे हवे तेवढे. प्रत्यक्षात आजच्या इंग्रजीत एखाद्याच्या गाण्याला किंवा लिखाणाला ‘अ‍ॅडिक्वेट’ म्हणणे ही जवळजवळ निंदा आहे. मराठीतले ‘बेताचे’ किंवा ‘जेमतेम’ हे त्याचे खरे भाऊबंद. कौतुक करायचे असेल तर ‘मोअर दॅन अ‍ॅडिक्वेट’ म्हणावे लागते. म्हणजे ‘पुरेसे’ हेच खालच्या पायरीवर येऊन बसले आहे आणि ‘इनॅडिक्वेट’ त्याहून एक पायरी खाली. तरीही लोकांना तो शब्द एकटा पुरत नाही असे दिसते. ‘वोफुली’, ‘ग्रॉसली’, ‘होपलेसली’ यांपैकी एखादे क्रियाविशेषण त्याच्या पुढे जोडण्याची सवय इतकी रूढ आहे की ‘वोफुली इनॅडिक्वेट’ हा आता जवळजवळ एकच शब्द झाला आहे. मराठीत त्याचे ‘दुःखदपणे अपुरे’ करणे म्हणजे शब्दकोशावर अतिविश्वास टाकणे. ‘अगदीच तोकडे’ किंवा ‘पासंगालाही न पुरणारे’ यांवर काम भागते.

पुरेसेपणाची ही घसरण सरकारी कागदावर कशी नोंदली जाते याचा नमुना इंग्लंडमधील शाळा तपासणाऱ्या ‘ऑफस्टेड’ या संस्थेच्या श्रेणींत सापडतो. तिथे उत्कृष्टपासून खाली येणाऱ्या चार श्रेणी होत्या आणि सर्वांत खालची ‘इनॅडिक्वेट’. तिच्या वरची श्रेणी आधी ‘सॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे समाधानकारक अशी होती. सप्टेंबर 2012 पासून तिचे नाव ‘सुधारणा आवश्यक’ असे करण्यात आले, कारण समाधानकारक असणे समाधानकारक मानायचे नाही असे धोरण ठरले. संपूर्ण शाळेवर असा एका शब्दाचा शिक्का मारण्याची पद्धत सरकारी शाळांपुरती सप्टेंबर 2024 मध्ये बंद झाली. रुग्णालये आणि शुश्रूषागृहे तपासणाऱ्या ‘केअर क्वालिटी कमिशन’नेही याच चार शब्दांची उतरंड वापरली. इमारतीतल्या जिन्यांच्या प्रकाशाला ‘इनॅडिक्वेट’ म्हणणे आणि संस्थेला ‘इनॅडिक्वेट’ म्हणणे यांत अंतर आहे. पहिल्या ठिकाणी दिवा बदलता येतो. दुसऱ्या ठिकाणी ‘कशासाठी’चे उत्तर अहवालाच्या आत, पुष्कळ पानांत विखुरलेले असते, आणि बाहेरच्या माणसाच्या लक्षात फक्त शिक्का राहतो.

शब्द एका ठिकाणी लिहिला जावा आणि भलत्याच ठिकाणी लागावा, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण वैद्यकातले आहे. ब्रिटनमध्ये गर्भाशयमुखाच्या पूर्वतपासणीसाठी पेशींचा नमुना घेतात, आणि त्यात पेशी फार थोड्या आल्या असतील किंवा रक्तामुळे अथवा दाहामुळे त्या नीट दिसत नसतील तर निकाल ‘इनॅडिक्वेट’ असा नोंदवतात. त्याचा अर्थ एवढाच की नमुना वाचता आला नाही, पुन्हा घ्यावा लागेल. आजार आहे असेही नाही आणि नाही असेही नाही. पण निकालाचे पत्र उघडणाऱ्या बाईला ‘नमुना’ हे नाम दिसत नाही, ‘इनॅडिक्वेट’ हे विशेषण दिसते, आणि ते आपल्या शरीराविषयी असावे असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. इथे मराठीत ‘नमुना तपासण्याजोगा नव्हता’ असेच लिहिले पाहिजे. ‘अपुरा’ किंवा ‘अपर्याप्त निकाल’ लिहिणाऱ्याने पत्र वाचणाऱ्याचा विचार केलेला नाही असे मी म्हणेन.

माणसाच्या ज्ञानाला हे विशेषण लावताना मात्र एकेकाळी त्यात कमीपणा अजिबात नव्हता. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने मानवी आकलनावरच्या 1690 सालच्या निबंधात ‘अ‍ॅडिक्वेट’ आणि ‘इनॅडिक्वेट’ कल्पनांवर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. त्याच्या मते त्रिकोणाची कल्पना पूर्ण असते, कारण ती मनानेच रचलेली असते आणि बाहेरच्या कोणत्या वस्तूशी तिची बरोबरी पाहायची नसते. सोन्याची कल्पना मात्र कायम ‘इनॅडिक्वेट’ राहते, कारण रंग, वजन, वितळण्याचा गुण असे कितीही गुणधर्म गोळा केले तरी सोन्याचे सगळे गुण त्यात येत नाहीत. ही उणीव लॉकची नाही, सोनाराची नाही, कोणाचीच नाही. नमुन्याच्या मानाने प्रतिमा अर्धवट आहे एवढेच तो नोंदवतो.

ती तटस्थता पुढे टिकली नाही. विसाव्या शतकात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मानसिक विकारांच्या सूचीत ‘इनॅडिक्वेट पर्सनॅलिटी’ नावाचे निदानच होते. 1952 च्या पहिल्या आवृत्तीत ते आले, 1968 च्या दुसऱ्या आवृत्तीत राहिले आणि 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत वगळले गेले. दुसऱ्या आवृत्तीतले वर्णन शब्दांच्या दृष्टीने लक्षवेधी आहे: असा माणूस शरीराने किंवा बुद्धीने ‘डेफिशियंट’ दिसत नाही, तरी भावनिक, सामाजिक, बौद्धिक आणि शारीरिक मागण्यांना त्याचा प्रतिसाद निष्प्रभ असतो. म्हणजे बोट ठेवून दाखवता येईल असे काहीही कमी नाही आणि तरीही माणूस उणा. इतक्या सर्व मागण्या एकदम मांडल्या की त्यांच्या तोडीचा कोण उरतो, हा प्रश्न वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही. ब्रिटिश इंग्रजीत तर हे विशेषण नाम म्हणूनही वापरले गेले. ‘अ‍ॅन इनॅडिक्वेट’ म्हणजे आयुष्य धड निभावता न येणारा माणूस, आणि त्या वापरातली तुच्छता लपण्यासारखी नाही.

जाता जाता उच्चाराबद्दल, कारण त्यावरही विचारणा होते. आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘नॅ’वर येतो, आणि शेवट ‘क्वेट’ असा लांबट नसून ‘क्वट’ असा तोंडातल्या तोंडात विरणारा असतो. ‘मॉडरेट’, ‘सेपरेट’ हे शब्द विशेषण म्हणून येतात तेव्हाही असेच होते. क्रियापद झाले की शेवटचा स्वर मोकळा होतो. आपण मराठीत लिहिताना ‘क्वेट’ लिहितो ते स्पेलिंग पाहून, आणि ते रूढ झाले आहे, त्याला इलाज नाही.

उरतो तो सर्वांत अवघड प्रयोग: ‘आय फील इनॅडिक्वेट’. कथा-कादंबऱ्यांत, मुलाखतींत, समुपदेशनाच्या पुस्तकांत हे वाक्य पदोपदी भेटते. पुढे ‘अ‍ॅज अ फादर’ असेल तर अनुवादकाचे नशीब चांगले. ‘बाप म्हणून आपण कमी पडलो असे त्याला वाटत राहिले’ हे वाक्य मराठीत मुळातूनच सुचल्यासारखे येते. मात्र त्यात एक बारीक बदल होतो. ‘कमी पडणे’ ही घडणारी गोष्ट आहे, ती एका प्रसंगी घडते आणि दुसऱ्या प्रसंगी टळते. इंग्रजी वाक्यात ती स्थिती आहे, अंगावरच्या खुणेसारखी. पुढे ‘अ‍ॅज’ नसेल, ‘फॉर’ नसेल, ‘टु’ नसेल, तर ‘न्यूनगंड’ हा शब्द हात जोडून उभा असतो, आणि तो टाळावा असे माझे मत आहे, कारण तो वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द नसून त्याच्याविषयी बोलणाऱ्याचा शब्द आहे. अशा वेळी मी मागची-पुढची पाने चाळून पाहतो. बहुतेकदा तो माणूस कोणाच्या तरी शेजारी उभा असतो, मोठ्या भावाच्या, नव्या सहकाऱ्याच्या, आईच्या अपेक्षांच्या, आणि मग ‘तिच्यापुढे मी थिटा पडतो’ असे लिहिता येते. शेजारी कोणीच सापडले नाही तर ‘आपल्यातच काही उणे आहे असे वाटते’ इतके मोघम वाक्य लिहितो आणि ते मोघमच ठेवतो.